नवमीची पावणेसातची भरती

भामाबाई घरत पनवेलच्या उरण नाक्याला सुकी मासळी विकते. पुढ्यात सुकट, बोंबील, वाकट्या, आणि फडक्याखाली झाकलेले सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली महागाची कोळंबी. सोडे कुणाला दाखवायचे आणि कुणाला नाही, हे ती गिऱ्हाइकाच्या चपला बघून ठरवते. वय त्रेसष्ट. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा प्रितम न्हावा शेव्याला ट्रेलरच्या कंपनीत सुपरवायझर आहे आणि खारघरला सतराव्या मजल्यावर राहतो. तिथे आईसाठी एक खोली राखून ठेवली आहे. खोलीला खिडकी आहे, खिडकीला जाळी आहे. भामाबाई एकदा दोन दिवस राहून आली आणि म्हणाली, "कोंबड्यांचा खुराडा पण जमिनीला टेकलेला असतो रे!"

ही बाई शिमग्याला आठवडा असताना एकटीच क्रूझवर गेली. मुंबईहून गोवा, गोव्याहून मुंबई. बाजारात ही बातमी फुटली तेव्हा लोकांनी काय काय बोलून घेतलं! विधवा बाई, नातवंडांची आजी, आणि नवीन लग्न झालेली पोरं जातात तिथे एकटी निघाली. हेच लोक बाई रणरणत्या उन्हात एकटी पाटी घेऊन बसते तेव्हा एकटी का म्हणून विचारत नाहीत. काम करताना बाई एकटी चालते, मजा करताना चालत नाही. वा रे न्याय!

पण भामाबाईला मजा करायची नव्हती. तिला आपला बांध बघायचा होता.

तिचा बाप, तुळशीराम, मिठागरातला माणूस. खाडीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं आणि मचव्यात भरून मुंबईला न्यायचं. भामा आठ वर्षांची असल्यापासून डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहत होती. मीठ मचव्यापर्यंत नेईपर्यंत ती चालायची, मचव्यात मात्र तिला घ्यायचे नाहीत. "बाई चढली का वारा पडतो," असं बाप म्हणायचा. मचव्यातून परत येताना आपला बांध कसा ओळखायचा, हे मात्र त्याने तिला सांगितलं होतं: "कर्नाळ्याचा अंगठा न्हाव्याच्या टेकडीच्या उजव्या खांद्यावर बसला का त्याच्या खाली आपला बांध." पुढे बंदर आलं. बांध गेला, मिठागर गेलं, बाप गेला. अंगठा आणि टेकडी राहिली. ती खूण पाण्यावरून बघायची भामाबाईची हौस पंचावन्न वर्षं तशीच राहिली होती.

प्रितम म्हणाला, "आपण सगळेच जाऊ ना आये. दिपिका येईल, पोरं येतील."

"तुमी आलाव का मी पोरांचं नाक पुसू, का दर्या बघू?"

"आणि एकटीला काय झालं तर?"

"काय होईल? बुडाली तर सगल्यांसंगं बुडंल."

प्रितम हसला नाही. तो वाईट मुलगा नाही, पण भित्रा आहे, आणि भित्रा माणूस प्रेम करायला लागला की कुलूप घेऊन येतो. तो म्हणाला, "ठीक आहे. जा. पण काही झालं, हरवलीस, पडलीस, मला तुला आणायला यावं लागलं, तर पाटी बंद. खारघरला यायचं. कबूल?"

शेजारची कुमुद, जी ओले बोंबील विकते, ती मध्ये पडली, "नको गं कबूल करू, भामाबाय!"

भामाबाई म्हणाली, "कबूल."

तिकीट काढणारा कुंदन स्टेशनजवळच्या एका दुकानात बसतो. त्याने संगणकात बघत विचारलं, "मावशी, तुमच्यासोबत कोण?"

"कोन नाय."

"केबिन दोघांची असते. दुसरा पलंग रिकामा राहील."

"ऱ्हाऊ दे. त्याच्यावर लुगडं वाळत घालीन. आणि खोली डाव्या अंगाची पाहिजे."

"डाव्या म्हणजे?"

"अरं, मुंबईतून बाहेर पडताना न्हावा कनच्या अंगाला? डाव्या. समुद्राची तिकिटं विकतंस ना तू?"

कुंदनने गुपचूप डाव्या अंगाची खोली दिली.

शुक्रवारी, अष्टमीला, ती जहाजावर चढली. आधार कार्ड आणि पैसे कनवटीला, कारण बाजारातली बाई पर्सवर विश्वास ठेवत नाही. तपासणीत तिची सोड्यांची पुडी काढून घेतली तेव्हा तिने त्या गणवेशातल्या पोराला बजावलं, "फेकू नको. घरी ने. बटाटा घालून कर." पोराने इकडेतिकडे बघून पुडी खिशात घातली.

जहाज नव्हे, आडवी पाडलेली खारघरची बिल्डिंग. आत लिफ्ट, आत झुंबर, आत पोहायचा तलाव. समुद्रात तलाव कशाला, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ती वरच्या कठड्याला जाऊन उभी राहिली. तिकिटावर वेळ पाचची होती. पाच वाजले, साडेपाच झाले, जहाज हललं नाही. लोक कुरकुरायला लागले. भामाबाई निवांत होती. मिठागरातल्या माणसाचा हिशेब सोपा असतो: तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे आठ पाऊणे सहा. शेजारी उभ्या असलेल्या नव्या जोडप्याला तिने सांगितलं, "सहाला निघंल. भरतीबिगर कसा निघंल?"

आणि जहाज सहाला हललं. ते जोडपं तिच्याकडे बघतच राहिलं.

उशीर खरा कशाने झाला होता, तर सामानाच्या रांगेने. पण ते तिला कुणी सांगितलं नाही, आणि पुढचा घोळ इथेच पेरला गेला.

ऊन कलतं होतं, पाठीमागून येत होतं, आणि समोरचा किनारा पितळेसारखा उजळला होता. घारापुरी मागे सरकली. मग क्रेनी आल्या, मान काढून उभ्या असलेल्या, एकीमागे एक. भामाबाईने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती वर बघत होती. दूर कर्नाळ्याच्या किल्ल्याचा सुळका, बापाचा तो अंगठा, दिसला. जहाज सरकत गेलं तसा तो हळूहळू टेकडीच्या पाठीवरून चालत आला आणि उजव्या खांद्यावर बसला.

तिने नजर खाली सोडली. तिथे लाल-निळ्या पेट्यांच्या थप्प्या होत्या.

"तो बघा," ती त्या जोडप्यातल्या मुलीला म्हणाली, "तो आमचा बांध."

"कुठला, आंटी? ते कंटेनर?"

"त्याच्या खाली."

ती रडली नाही. रडणाऱ्यांतली ती नाहीच. डोळ्यावर हात धरून अंगठा खांद्यावरून उतरेपर्यंत बघत राहिली, आणि मग कठड्यावर थाप मारून बापाला ऐकवलं, "चढली बाई! वारा काय पडला नाय!"

जेवणाला चार खुर्च्यांच्या टेबलावर ती एकटी बसली. वाढप्याने उरलेल्या तीन ताटल्या उचलायला हात घातला तशी ती म्हणाली, "असू दे. यील कोनतरी." आणि आले. ते जोडपं आलं, मागून नागपूरचे एक पेन्शनर आले. तिने त्यांना बोंबील भिजवायचे किती वेळ, हे शिकवलं.

दुसऱ्या दिवशी जहाज मुरगावला लागलं. साडेचारला परत या, असं सगळ्यांना बजावलं होतं. लोक बसमध्ये बसून चर्च बघायला गेले. भामाबाई फोन खोलीत चार्जिंगला लावून पायी वास्कोच्या मासळी बाजारात गेली. तिथे तिला सुकी मासळी विकणारी एक म्हातारी भेटली. तिचे सुके बांगडे भामाबाईने वास घेऊन खाली ठेवले आणि सांगितलं, "मीठ कमी पडलं." त्यावर दोघींची जुंपली. मग भांडण संपलं आणि चहा आला. मीठ जाडं घालायचं की बारीक, यावर दोन तास गेले.

चार वाजले तेव्हा म्हातारीनेच विचारलं, "तुझे जहाज चुकचे ना?"

भामाबाईने बोटांवर मोजलं. आज नवमी. नऊ पाऊणे पावणेसात. बापाचा मचवा उभ्या जन्मात भरतीआधी सुटला नव्हता, चिखलात बसायचा. हे तर केवढं धूड! काल बघितलं ना डोळ्यांनी? पाच म्हणाले, सहाला निघालं. लोकांना सांगायची वेळ निराळी आणि निघायची निराळी. एसटीचं पण तसंच असतं.

"लय वेळ हाय," ती म्हणाली आणि दुसरा चहा घेतला.

सहाला ती रमतगमत बंदराच्या फाटकावर आली. पाणी चढत होतं, अगदी तिच्या हिशेबाने. धक्का रिकामा होता. जहाज पार लांब, मुठीत मावेल एवढं झालं होतं.

फाटकावरचा शिपाई म्हणाला, "आजी, पाचच्या ठोक्याला गेलं. नाव पुकारून पुकारून दमले."

"पन भरती तर आता येतेय!"

"ह्या जहाजाला भरती लागत नाही, आजी. धक्क्यापाशी पाणी कायम खोल असतं."

भामाबाईचा चेहरा उतरला. पंचावन्न वर्षं जपलेला हिशेब, आणि तो ऐन वेळी खोटा पडला. तिथल्या कचेरीतल्या माणसाने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हातात फोन दिला. जहाजावरून प्रितमला आधीच कळवलं होतं.

"आये! हलू नको तिथून! मी गाडी काढलीय, पेणला पोचलोय."

तिला कबूल केलेली अट आठवली: मला तुला आणायला यावं लागलं तर. हेच ते. या खुर्चीवर ती सकाळपर्यंत बसली, तर उठेल ती थेट सतराव्या मजल्यावर, जाळीच्या खिडकीत. पाटी संपली, कुमुद संपली, नाका संपला.

"पेनवरून मागं फिर," ती म्हणाली. "मी रेल्वेनं येतंय."

"तू? एकटी? एवढं करून ठेवलंस आणि वर..."

"एकटी गेले तशी एकटी यीन. फिर मागं."

"गप बस तिथं! ऐकतेस का?"

"ऐकलं," भामाबाई म्हणाली आणि फोन त्या माणसाच्या हातात दिला. "त्याचा फोन आला तर सांगा, आय मडगावला गेली."

तो माणूस म्हणाला, "आजी, मुलगा येतोय ना? थांबा की. उगाच धावपळ."

"भाऊ, चूक माजी हाय. निस्तरू दे मना."

कचेरीत खुर्ची मिळाली की बसून राहणारे खूप. ही उठली. वास्कोहून बस, मडगावला तिकिटाची रांग, आणि पनवेलला थांबणाऱ्या गाडीचा साधा डबा. खिडकी मिळाली नाही. दाराजवळ एका बाईच्या गोणीवर टेकून बसली आणि त्या गोणीत काय आहे, हे वासावरून ओळखून तिने ओळख काढली.

रविवारी उजाडताना ती पनवेल स्टेशनात उतरली. घरी जाऊन तोंड धुतलं, पाटी उचलली आणि आठच्या आत नाक्यावर बसली. शिमग्याआधीचा रविवार, गिऱ्हाईक तुटून पडत होतं.

कुमुदने कपाळाला हात लावला. "अगो! तू जहाजावर ना?"

भामाबाईने सगळं सांगितलं. लपवता आलं असतं. तब्येत बिघडली, लोकांनी फसवलं, जहाजवाले हरामखोर, काहीही सांगता आलं असतं आणि बाजाराने मान डोलावली असती. ती म्हणाली, "पान्याच्या हिशेबानं गेले. जहाज घड्याळाच्या हिशेबानं गेलं. माजं चुकलं." एवढं सरळ वाक्य भल्याभल्या पुढाऱ्यांच्या तोंडून निघत नाही.

मग तिने कुमुदच्या फोनवरून सुनेला फोन लावला. दिपिका म्हणाली, "आई, ते तर थांबलेच नाहीत हो. तुम्ही तिथंच असणार म्हणून पहाटे गोव्याला पोचले. तिथं तुमचा निरोप कळला, आता परत निघालेत."

प्रितम दुपारी चारला नाक्यावर आला. डोळे लाल, शर्ट चुरगळलेला, केस उभे. आई एका गिऱ्हाइकाला वाकट्या मोजून देत होती. तो गिऱ्हाईक जाईपर्यंत उभा राहिला. कुमुदने सुरी थांबवली. आजूबाजूच्या चारपाच बायांनी पण थांबवली.

"आये, आपलं काय ठरलं होतं?"

"काय झालं तर पाटी बंद."

"मग? झालं ना?"

"झालं. जहाज गेलं, मी मागं ऱ्हायले." भामाबाईने हात फडक्याला पुसले. "आणि तुला मना आनायला यावं लागलं तर, असं पन ठरलं व्हतं. तू आनलंस मना?"

प्रितमने गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"मी सकाली आठपास्ना हितं बसलेय. अर्धी पाटी खपली. तू आता येतंस. मंग हरवलं कोन?"

बायका फिदीफिदी हसल्या. कुमुदने तर सुरीच खाली ठेवली. प्रितमने आधी आईकडे बघितलं, मग बाजाराकडे, आणि एक रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसला. बसल्यावर त्याला हसू आलं, दमलेलं, पण खरं. म्हणाला, "भूक लागलीय."

तिने डब्यातली भाकरी आणि सुकट त्याच्या पुढ्यात सरकवली. खाता खाता त्याने हळूच विचारलं, "अंगठा दिसला का गं? आजोबांचा?"

"दिसला. बरोबर खांद्यावर."

तो मान हलवून जेवत राहिला. खारघरचं नाव निघालं नाही. त्या खोलीत पुढे धाकट्या नातवाचं अभ्यासाचं टेबल आलं.

भामाबाईने फडकं उचललं, सोडे पुन्हा झाकले आणि म्हणाली, "जहाज आज दिसभर दर्यात फिरून उद्या सकाली मुंबईला लागंल. माजी बॅग आणि फोन त्याच्यात हाय. जाऊन घेऊन ये." मग त्याच्या लाल डोळ्यांकडे बघून विचारलं, "जाशील ना एकटा? का मी येऊ संगं?"