नानांची इस्त्री केलेली पत्रं

नानांच्या बोटांइतकी चौकस बोटं अख्ख्या खानदेशात नसतील, आणि त्याच बोटांपुढे मी एकदा त्यांच्या बायकोची अकरा पत्रं कडक इस्त्री करून ठेवली. तेव्हा मी पन्नाशीची, बी.ए. झालेली आणि स्वतःला फार टापटिपीची समजणारी बाई होते. आज ती भेटली तर तिच्या हातातली इस्त्री आधी काढून घेईन.

नाना म्हणजे मेहरूणमधले आमचे शेजारी. जन्मापासून डोळ्यांनी अधू. धुळ्याला अंध मुलांच्या शाळेत मास्तर होते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी त्यांना वाढावी आणि थांबावं. ते आधी ती ब्रेलसारखी बोटांनी वाचत. चार तीळ चौकोनात असले की 'ग', त्यातला वरचा उजवा गळाला की 'ह', वरचा डावा गळाला की 'ज'. एकदा बोट फिरवून म्हणाले, "अक्का, आज भाकर निरक्षर शे." मी तीळ विसरले होते. साडीच्या काठावरची टिकली, चाळणीची भोकं, माझ्या नातवाच्या गालावरचे कांजण्यांचे व्रण, काही सुटायचं नाही त्यांच्या बोटांतून.

त्यांची बायकोही अंध, दोंडाईचाची. लग्न ठरल्यावर तिनं जाड कागदावर टोच्यानं ठिपके उठवून पत्रं लिहिली होती. ती गेली त्या वर्षी घराला रंग द्यायचा म्हणून नानांनी पत्रांचा डबा माझ्याकडे सांभाळायला दिला. मी उघडला तर सगळे कागद चुरगळलेले. बिचाऱ्याची पत्रं जरा नीट करून द्यावीत, म्हणून मी पाणी शिंपडलं आणि इस्त्री दाबली. ठिपके म्हणजे शाईसारखे, ते कुठे जातात, एवढी माझी अक्कल.

नानांनी पहिल्या कागदावरून बोट फिरवलं. उलटा केला. पुन्हा फिरवलं. मग अगदी हळू विचारलं, "अक्का, हाऊ कोरा कागद कोणाना शे?"

चार दिवस मी त्यांच्या अंगणाकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी तेच दारात आले. म्हणाले, "डोळा शे ना तुले? मंग बस." सकाळचं तिरपं ऊन कागदावर पडलं की ठिपक्यांच्या जागी पुसट वळ दिसत. मी चष्मा लावून वळ चौकटीत कुठल्या जागी आहे त्याचे आकडे सांगायचे, "एक, दोन, पाच," आणि नाना संगणकात ते बसवायचे. मला लिपी येत नाही म्हटलं तर म्हणाले, संगणकालाही येत नाही. त्याच्याकडे आठ ठिपक्यांची एक चौकट असते. कुठला उठला, कुठला नाही, एवढंच तो टिपतो. अशा दोनशे छप्पन चौकटींना तिथे आपापली जागा आहे. अक्षर मराठी की इंग्रजी, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

दोन महिन्यांत दहा पत्रं झाली. अकराव्याच्या शेवटच्या ओळीवर मात्र मी इस्त्री फार वेळ टेकवली असावी. काहीच दिसेना. आणि नाना तर त्याच ओळीसाठी इतके दिवस थांबलेले. तिथवर आलो की त्यांचा श्वास ऐकू यायचा. मला राहवेना. भाकरीवरून शिकलेली तीन अक्षरं मला येत होती, तीच मी उलटसुलट सांगत सुटले. संगणकानं बिनतक्रार घेतली. नानांचे हात थांबले.

"ग, ह, ज," ते म्हणाले. "दोंडाईचानी पोर पत्र लिखे, भाकर नही थापे."

डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मी तो बाजूला सरकवला. तेवढं शहाणपण आलं होतं.

नानांनी ती तिन्ही अक्षरं एकेक करून खोडली. त्या जागी त्यांनी बिनठिपक्यांच्या चौकटी बसवल्या, कारण रिकाम्या चौकटीलाही संगणकात स्वतःची जागा असते. एक ओळ भरेपर्यंत त्या बसवत राहिले. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "अक्का, नही दिसत तं नही सांग. तिन्हा वाटानं बोलनं तू बोलू नको. मी बी बोलत नही."