एकाच ढिगाले कुंकू

स्वातंत्र्य येऊन दहा वर्षं होत आली, तरी नागपुरातल्या आमच्या विणकर वस्तीचं प्यायचं पाणी दूरच्या विहिरीवरूनच यायचं. मग पाणी शोधायला सरकारनं जमिनीत भोक पाडायचं यंत्र पाठवलं आणि त्यासोबत दगडमाती पारखणारा तो सरकारी माणूस आला. कानामागे पेन्सिल, ढोपरापर्यंत चिखल. जमिनीतून निघालेला चिखल तो गोणपाटावर ओळीनं मांडायचा. दर पाच फूट खोलीचा एक ढीग. मग आम्ही सूत पाहतो तसा चिमटीत घेऊन चोळत बसायचा.

दोन भोकं कोरडी गेली होती. तिसरंही कोरडं गेलं, तर यंत्र जाणार होतं.

एका सकाळी माझ्या आईनं भक्तिभावानं साऱ्या ढिगांना कुंकू वाहिलं. मी शरमेनं मेलो. तो मात्र उकिडवा बसून नखानं लाल चिखल वेगळा करू लागला.

"माय, मी रंगावरून दगड ओळखतो. तू तर सारेच लाल करून टाकले."

"पाणी लागावं म्हणून लावलं गा," आई घाबरून म्हणाली.

"लाव ना. पण एकाच ढिगाले. कोणत्या, ते मी सांगीन."

सरकारी माणसांचं 'सांगीन' मी पुष्कळ ऐकलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्राची धडधड एकाएकी थांबली. मी माग सोडून धावलो. त्यानं नवा चिखल गोणपाटावर ओतला, पण त्याचा ढीगच होईना. सगळा पाण्यासोबत वाहून चालला. त्यानं चिमूटभर चोळून पाहिला, हात सदऱ्याला पुसले आणि आमच्या दाराकडे बघून हाक मारली,

"माय, कुंकू आण वं!"