रेघेखालचं दुसरं अक्षर

सकाळी सहाला दोनाता इटलीतल्या बारी शहराच्या कत्तलखान्यात बर्फाची बादली घेऊन उभी होती. कातालदो खाटकाने बैलाचं ऊन ऊन हृदय बादलीत ठेवलं.

"आज केस सेट केलेत बाई. कुणासाठी आहे हे हृदय?"

"मशीनसाठी."

"चौतीस वर्षं मशीनलाच खाऊ घालतेस," तो म्हणाला.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तिचं काम तेच होतं. हृदय बारीक चिरायचं, थंड खोलीत घोटायचं, यंत्रात गरगर फिरवायचं. शेवटी नळीच्या तळाशी चमचाभर तपकिरी गाळ उरायचा. त्या मायटोकॉन्ड्रिया. बर्फावर जेमतेम सहा तास धड राहायच्या. महिनाअखेर ती निवृत्त होणार होती, तिचं ऑक्सिजन मोजायचं जुनं मशीन भंगारात जाणार होतं. हे शेवटचं हृदय. आणि आज अकराला, पूर्वी याच प्रयोगशाळेत संशोधन करणारा रुज्जेरो येणार होता.

तो झुरिकला गेला त्याला पंचवीस वर्षं झाली. त्याच्या लग्नात पाहुण्यांना वाटलेले साखरबदाम टपालाने आले होते. तिने ते खाल्ले नाहीत, टाकलेही नाहीत.

ती नवी होती तेव्हा तिला काही कळेना, म्हणून तो तिला स्टेशनसमोरच्या हॉटेलच्या फिरत्या दारात घेऊन गेला होता. म्हणाला, मायटोकॉन्ड्रियाचा आतला पडदा म्हणजे ही भिंत. अन्नातले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकतात आणि शेवटी ऑक्सिजनला जाऊन मिळतात. त्या जोरावर प्रोटॉन भिंतीबाहेर ढकलले जातात. बाहेर दाटी होते. आत यायला वाट एकच, हे दार. ते घुसतात, दार फिरतं आणि त्या फिरण्यातून एटीपी घडतं. हृदय चालतं ते त्याच्यावर. सांगता सांगता दोघं एकाच कप्प्यातून तीन फेऱ्या फिरले. दोनाताला सगळं दुसऱ्या फेरीतच कळलं होतं.

प्रयोगशाळेचा नियमही त्याचाच. मशीनचं पेन कागदावर ऑक्सिजनची रेघ ओढतं. एडीपी, म्हणजे वापरून झालेलं एटीपी, टाकलं की दार जोरात फिरू लागतं, मायटोकॉन्ड्रियांचा श्वास वाढतो आणि रेघ झपकन खाली वळते. त्या रेघेखाली दोन नावांची पहिली अक्षरं लिहायची. एक करणाऱ्याचं, एक डोळ्यांनी पाहणाऱ्याचं. नऊ वर्षांच्या कागदांवर डी आणि आर शेजारी शेजारी होते. तिला ते आज एकदा पुन्हा हवं होतं.

दहाला नळी तयार झाली. तिने झाकणावर वेळ लिहिली. साडेअकराला निरोप आला की विभागप्रमुखांनी पाहुण्यांना जेवायला नेलंय. बारीतलं जेवण कालवांपासून सुरू होतं आणि कधी संपेल ते कुणी विचारत नाही. दोनाताने एकटीनेच प्रयोग लावला. रेघ अशी वळली की तिचं तिलाच नवल वाटलं. खाली तिने डी लिहिलं. शेजारी जागा सोडली.

तो पाचला आला. केस पांढरे झाले होते. बादलीतली नळी उचलून त्याने झाकण वाचलं आणि सोबतच्या लोकांना कॉफीला पाठवून दिलं.

"सात तास झाले. मला कुणी सांगितलंच नाही गं."

"तरी लावून बघू," ती म्हणाली.

मायटोकॉन्ड्रिया श्वास घेत होत्या, धापाच टाकत होत्या. पण पडदा फाटला होता. प्रोटॉन वाटेल तिथून आत येत होते आणि दार जागचं हलत नव्हतं. तिने एडीपी टाकलं. रेघ होती तशीच उतरत राहिली. कागद संपेपर्यंत दोघं ती बघत राहिले.

मग तिने खिशातून आधीचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. वळणावरून त्याने सावकाश बोट फिरवलं. पेन काढलं, टोपण उघडलं. रिकाम्या जागेवर पेन टेकणार, तोच त्याने टोपण परत लावलं.

"मी पाहिली नाही ना, दोनाता."

"नाही पाहिलीत," ती म्हणाली.

त्याने अक्षर लिहिलं असतं तर तो रुज्जेरो राहिला नसता, हे तिला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

बाहेरून त्याला हाका आल्या. तो गेला. तिने नळी धुऊन पालथी घातली. कागदाची घडी घातली, रिकामी जागा आत येईल अशी.