हिरवी पट्टी

आमच्या हडपसरच्या कारखान्यात अकरा हजार व्होल्टचे स्विच बनतात आणि त्यांची ड्रॉइंग मी करतो. स्विच चालू आहे की बंद, हे लाइनमनला दोन ठिकाणी कळतं. हँडलजवळ एक पट्टी असते, लाल म्हणजे चालू, हिरवी म्हणजे बंद. आणि एक छोटी काच, जिच्यातून आतली, करंट जोडणारी पाती खरोखर सुटली की नाही ते दिसतं. पट्टी मी हँडलला जोडली होती. ती पात्यांच्या शाफ्टला जोडा, असं आमचे साहेब म्हणाले होते.

"अहो, मग काच कशाला दिलीय?" मी ऐटीत विचारलं होतं. खरं तर सगळी मांडणी पुन्हा करायचा मला कंटाळा आला होता.

दसरा झाला आणि वाघोलीहून फोन आला. एका लाइनमनने हँडल फिरवलं, पट्टी हिरवी झाली. उरलासुरला करंट जमिनीत सोडायला त्याने पुढच्या तारांना अर्थिंगचा रॉड लावला आणि भडका उडाला. जीव वाचला, उजवा हात भाजला.

साहेब आणि मी गेलो, पॅनल उघडलं. हँडल आणि शाफ्टमधली पिन तुटली होती. हँडल फिरलं, पट्टी फिरली, पाती जागची हलली नव्हती. आणि काचेवर खंडेनवमीच्या पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक होतं, चांगलं जाड, वर झेंडूचा हार. आतलं काही दिसत नव्हतं.

"रिपोर्टमध्ये लिहा, काच झाकलेली होती," साहेब म्हणाले. पट्टीचा विषय त्यांनीही काढला नाही. मला हायसं वाटलं. त्याची लाज आजही वाटते.

हॉस्पिटलात मला पाहून तो लाइनमन उठून बसायला लागला. लोणी काळभोरचा, माझ्याच वयाचा.

"साहेब, माझंच चुकलं बघा. कुंकू मीच लावलं हुतं. पट्टी हिरवी हाय म्हटल्यावर काचेकडं बघितलंच न्हाई." त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "तुमच्या मशिनला बोल लागाय नको."

सांगायचं ते अगदी ओठांवर होतं. "आराम करा," एवढंच म्हणालो, फळांची पिशवी ठेवली आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग उघडून पट्टी शाफ्टला जोडली. अर्ध्या दिवसाचं काम निघालं. खाली बदलाचं कारण लिहायला एक रकाना असतो. त्यात मी 'सुधारणा' असं लिहिलं आणि सही केली.