युनूसच्या गुडघ्याची नोंद

"कॉलेजचा मुलगा आहे. इथल्या उन्हात दोन दिवसांत रडेल," पॅरिश साहेब म्हणाले.

"काल उन्हातच खेळला, साहेब," हुसेनमामू म्हणाले. "रडले ते समोरचे."

स्टोअरच्या मागच्या खोलीत आम्ही तिघे बसलो होतो. पॅरिश साहेब स्टोअरचे सुपरिंटेंडंट. हुसेनमामू दापोलीकडचे, स्टोअरचे फोरमन आणि आमच्या फुटबॉल टीमचे कोच. मी टाइम-कीपिंगचा क्लार्क आणि टीमचा सेक्रेटरी. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पहिलं नाव आम्ही उचलायचं होतं, आणि ते कुणाचं, यावर तासभर वाद चालला होता.

एकोणीसशे साठ साल उजाडायचं होतं. आखातातल्या दुखानच्या तेलाच्या कॅम्पमध्ये चार टीम होत्या: स्टोअर, वर्कशॉप, ट्रान्सपोर्ट आणि ड्रिलिंग. हिवाळ्यात मुंबईहून बोट आली की नव्या माणसांची शुक्रवारी ट्रायल मॅच व्हायची. मैदान म्हणजे क्रूड ऑइल शिंपडून रोलरने दाबलेली वाळू. पडलं की कातडी सोलून निघायची आणि जखम काळी व्हायची. ट्रायल पाहून चारही टीम आळीपाळीने एकेक नाव उचलायच्या. मागच्या मोसमात शेवटची आलेली टीम आधी उचलणार. याला सगळे 'पिक' म्हणायचे. खेळापुरता हा नियम चांगलाच होता.

पण तो खेळापुरता नव्हता. ज्या टीमने नाव उचललं, त्याच खात्यात त्या माणसाला काम मिळायचं. अॅग्रीमेंटवर काहीही लिहिलेलं असो, शेवटी एक ओळ असायचीच: 'अथवा कंपनी सांगेल ते काम.' ज्यांना कुणीच उचललं नाही ते जनरल लेबरमध्ये जायचे. जनरल लेबर म्हणजे जिथे माणूस कमी पडेल तिथे, आणि माणूस कमी पडायचा तो बहुतेक रिगवर. रिग म्हणजे तेलाची विहीर खोदणारा लोखंडी मनोरा, आणि त्याभोवती कायम ड्रिलिंगचा चिखल. एका शुक्रवारी तुम्ही बॉल कसा मारता यावर तुमची पुढची दोन वर्षं सावलीत जाणार की चिखलात, हे ठरायचं. मला याची चीड होती. आजही आहे.

युनूस रत्नागिरीचा. इंटर पास, कॉलेजच्या टीमचा सेंटर-हाफ. सेंटर-हाफ म्हणजे मैदानाच्या मधोमध राहून बॉल कुणाकडे जायचा हे ठरवणारा. टीमचं डोकं म्हणा. बारीक अंगाचा मुलगा. ट्रायलमध्ये तो फार धावला नाही. बॉल पायात यायच्या आधीच मान वर करून बघायचा, आणि मग बॉल बरोबर तिथे जायचा जिथे आपला माणूस अजून पोचायचा असे.

"बावीस माणसांत एकट्याला दिसत होतं," मामू म्हणाले. "बाकी एकवीस नुसते पळत होते. मीही त्यांच्यातलाच समजा."

"तुम्ही बाहेर बसला होता, मामू," मी म्हणालो.

"बसल्या बसल्या पळत होतो रे."

पॅरिश साहेबांना मुंबई गोदीतला एक उंच गोलकीपर हवा होता. "मागच्या मोसमात आपण एकोणीस गोल खाल्ले," ते म्हणाले. "डोकं नंतर घेऊ. आधी हात घेऊ."

"हात बॉल अडवतील, साहेब. पण पुढे न्यायचा कुणी?"

साहेब हसले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. पेन्सिल दोन्ही नावांवर टेकवत राहिले. मामूंनी आणखी दहा मिनिटं रेटलं असतं तर पेन्सिल युनूसवर थांबली असती, असं मला तेव्हाही वाटत होतं.

माझ्याजवळ मात्र एक गोष्ट होती. ट्रायलनंतर युनूस फॉर्म भरून घ्यायला माझ्या खोलीवर आला होता. मी शेजारच्या गावचा, म्हणून तो मोकळा झाला. उजवा गुडघा दाखवला. कॉलेजच्या शेवटच्या मॅचमध्ये मुरगळला होता, गावच्या हाडवैद्याने बसवला होता. "सरळ धावताना काही नाही, कादरभाई. एकदम वळलो की अडकतो. जड उचललं की सुजतो. क्लार्कचं काम मिळालं तर निभेल." भरतीच्या वेळी डॉक्टरला सांगितलं होतं का, मी विचारलं. "त्याने फक्त जीभ बघितली," तो म्हणाला.

मी काय करावं? माझे वडील बोटीवर खलाशी होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती. खलाशांच्या युनियनची पत्रकं होती. त्यांवरच मी अक्षरं शिकलो. प्रत्येक पत्रकात एक गोष्ट हमखास असायची: तोंडी काही मानू नका, लेखी घ्या. त्यामुळे सेक्रेटरी झाल्यावर मी पहिलं काम केलं ते मीटिंगची मिनिट्स लिहायचं. कोण काय म्हणालं, काय ठरलं, सगळं कागदावर. त्याआधी पिकच्या मीटिंगा तोंडीच चालायच्या. बाकीच्या खात्यांनी माझी टिंगल केली. फुटबॉलला कार्बन कॉपी लावणारा कॅम्पात मी एकटाच होतो.

मी विचार केला, हीच वेळ आहे. गुडघा लेखी आला तर त्याला जड कामावर कुणी घालू शकणार नाही, मग कुणीही उचलो वा न उचलो. एका माणसाच्या निमित्ताने खेळ आणि नोकरी यांची गाठ सुटेल.

"साहेब," मी म्हणालो, "त्याच्या उजव्या गुडघ्याला जुनी दुखापत आहे. त्याचं काम त्याच्या शिक्षणावर ठरवा, फुटबॉलवर नाही. मी हे मिनिट्समध्ये घेतो."

मामूंनी माझ्याकडे पाहिलं.

"दुखापत आहे?" साहेबांनी पेन्सिल उचलली. "मग प्रश्नच मिटला. गोलकीपर."

"साहेब, मी कामाबद्दल बोलतोय."

"आणि मी फुटबॉलबद्दल. मीटिंग फुटबॉलची आहे, कादर."

मी इंग्लिशमध्ये लिहिलं. ते वाक्य मला अजून पाठ आहे: 'उमेदवाराच्या उजव्या गुडघ्याला इथे येण्यापूर्वीची दुखापत आहे, म्हणून त्याला जड काम देऊ नये आणि शिक्षणानुसार क्लार्कच्या जागी घ्यावं.' एक कॉपी माझ्या फाइलला, एक नेमणुका बघणाऱ्या पर्सोनेल ऑफिसला.

बाहेर आल्यावर मामूंनी मला कोपऱ्यात घेतलं. "मला गुडघा दिसला नव्हता असं वाटलं तुला? तीस वर्षं पाय बघतोय मी. आपण उचलला असता, टेबलावर बसवला असता, अर्धी मॅच खेळवला असता."

"आणि सगळ्यांना फसवलं असतं?"

"कुणाला? कंपनीला?" मामूंनी बिडी पेटवली. "तू फार शिकलास, बाबा."

बातमी संध्याकाळपर्यंत चारही खात्यांत पोचली. सकाळी आम्ही गोलकीपर उचलला. वर्कशॉपने युनूसचं नाव घेतलं नाही, ट्रान्सपोर्टने नाही, ड्रिलिंगनेही नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. उरलेल्यांच्या यादीत त्याच्यासमोर जनरल लेबर लिहिलं गेलं. आठवड्यात तो रिगवर होता.

मी पर्सोनेलला तीन वेळा लिहिलं. उत्तर एकदाच आलं: क्लार्कची जागा रिकामी नाही, नोंद घेतली आहे. 'नोंद घेतली आहे' हे वाचून मला बरं वाटलं होतं.

फेब्रुवारीत रिगच्या लाकडी फ्लोअरवर एक पाइप घरंगळला. बाकीचे बाजूला उडाले. युनूसही वळला, पण गुडघा अडकला. पाइप त्याच पायाच्या मांडीवरून गेला. ड्रायव्हर सालेम, जो त्याला गाडीतून हॉस्पिटलला घेऊन गेला, मला एवढंच म्हणाला, "रिज्ल खलास." रिज्ल म्हणजे पाय.

अपघाताचा फॉर्म मीच भरला. कामावरची दुखापत ठरली तर कंपनी पायावर इलाज करणार आणि बरा झाल्यावर बसून करायचं काम देणार. नाही ठरली तर पुढच्या बोटीने घरी. त्याच्यासाठी सगळं या एका फॉर्मवर होतं.

चौथ्या दिवशी वेल्फेअर ऑफिसरने बोलावलं. माझा फॉर्म त्यांच्यासमोर होता, आणि त्याला पिन लावलेली माझीच कार्बन कॉपी.

"दुखापत जुनी आहे," ते म्हणाले. "तुम्हीच लिहिलंय. इथे येण्यापूर्वीची."

"वाक्य पूर्ण वाचा, सर. जड काम देऊ नये, असं पुढे आहे."

"ती शिफारस आहे. फुटबॉल कमिटीला तो अधिकार नाही. पण ही वस्तुस्थिती आहे." त्यांनी पहिल्या अर्ध्यावर बोट ठेवलं. त्याखाली लाल रेघ होती. ती मधल्या स्वल्पविरामापाशी संपत होती. "इंग्लिश चांगलं आहे तुमचं."

मी भांडलो. आवाज चढवला. पाइप जुना नव्हता, असं म्हणालो. फ्लोअरवर चिखल होता, तो कुणी पुसायचा होता, असं विचारलं. मला दोन दिवस कामावरून बंद केलं. युनूसचं तिकीट मात्र निघालं.

बोटीच्या आदल्या दिवशी दुपारी मी हॉस्पिटलच्या शेडमध्ये गेलो. पाय फळ्यांत बांधलेला होता. मामू आधीच आले होते, एकेक खजूर त्याला देत होते.

"कादरभाई," युनूस म्हणाला, "तुम्ही लिहिलंत ना?"

"हो."

"मी तुम्हाला सांगितलं होतं. ऑफिसला नाही."

"तुझ्या भल्यासाठी लिहिलं."

"ते मला माहीत आहे." त्याने खजुराची बी तळहातावर घेतली. "शुक्रवारची मॅच कशी झाली?"

"हरलो," मामू म्हणाले. "गोल एकच खाल्ला. पण केला एकही नाही."

युनूस थोडा हसला. मग भिंतीकडे तोंड करून पडला.

त्या मोसमात आम्ही तिसरे आलो. गोलकीपर खरंच चांगला निघाला. पॅरिश साहेब चुकले नव्हते. पुढच्या हिवाळ्यापासून पर्सोनेलने हुकूम काढला, की पिकच्या मीटिंगची मिनिट्स चारही खात्यांनी लिहावीत, आणि उमेदवाराच्या जुन्या दुखापती त्यात आवर्जून नमूद कराव्यात. सोबत नमुना म्हणून माझा कागद जोडला होता. लाल रेघेपर्यंतचा.

लेखी घ्यावं, हे मी आजही मानतो. त्या पत्रकांत एवढंच सांगायचं राहून गेलं होतं, की आपलं लिहिलेलं शेवटी कुणाच्या कपाटात राहणार, हे आधी विचारावं. आता मी वाक्यं लहान लिहितो. 'जड काम देऊ नये' हे आधी लिहितो आणि तिथेच पूर्णविराम देतो. कारण लिहीत नाही.