सत्यवतीबाईंच्या मुली

अमरावतीला सत्यवतीबाईंच्या हाताखाली शिकलेली बाई कुठेही ओळखू येई. ती बोलायच्या आधी थांबायची. भाजी घेतली का, गाडी चुकली का, असा साधा प्रश्न असला तरी उत्तराआधी श्वासभर थांबायची. ओठ मिटलेले, नजर जराशी खाली. आत कुठेतरी वाक्य तपासून व्हायचं आणि मग ते धुतलेल्या पातळासारखं स्वच्छ बाहेर यायचं. लग्नाच्या पंगतीत किंवा धामणगावच्या फलाटावर अशा दोघी समोरासमोर आल्या, की नावगाव विचारायच्या आधीच एकमेकींना कळे.

सुभद्रा त्यांच्यातलीच. चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. मामाकडे राहून ती अमरावतीच्या शाळेत दोनेक इयत्ता शिकली आणि घरच्यांनी तिला परत बोलावून घेतलं. तेव्हा सत्यवतीबाई बैलांच्या दमणीत बसून तिच्या गावी आल्या. साताऱ्याकडच्या, ब्राह्मणाघरच्या, विधवेच्या लाल आलवणातल्या. ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मुलीला पाठवणार असाल तर तुमच्या घरचं पाणी घेते." अशी बाई आपल्या घरचं पाणी पिईल, याचंच वडिलांना इतकं नवल वाटलं की त्या नवलातच ते हो म्हणून गेले.

शाळेत परतल्यावर बाईंच्या वर्गातल्या पहिल्याच दिवशी सुभद्रा उभी राहून म्हणाली, "बाई, मले समजलं नाही."

बाई रागावल्या नाहीत. त्या कधीच रागावत नसत. "पुन्हा," एवढंच म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"मले समजलं नाही."

बाई खिडकीबाहेरच पाहत राहिल्या. वर्ग चिडीचूप. ती शांतता संपेचना. शेवटी मागून कुणीतरी कुजबुजलं, "मला म्हण, मला!"

"मला समजलं नाही."

तेव्हा बाई वळल्या आणि हसल्या. त्या हसण्यासाठी सुभद्रानं पुढे सगळंच टाकून दिलं. मले टाकलं, तुले टाकलं, काहून टाकलं. सुट्टीत घरी गेली की आई दारातून म्हणे, "आली का वो पुन्याची पाव्हनी?" सगळे हसत. सुभद्राही हसे, पण थांबून.

पुढे ती ट्रेनिंगला गेली, अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली, स्वतःच्या पायावर उभी राहिली. बाईंनी जे दिलं ते खरंच दिलं होतं. त्याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नाही.

गेल्या श्रावणात बाई वारल्या. एका वकिलाला दिलेली विमल, तिची जुनी वर्गमैत्रीण, तिनं अकोल्याच्या बाजारात ही बातमी सांगितली. दोघी थांबल्या. इतका वेळ थांबल्या की बोलायचं राहूनच गेलं.

त्यानंतर मात्र ते "पुन्हा" फार जवळून ऐकू यायला लागलं. चुलीपुढे, विहिरीवर, देवाला हात जोडताना. देवाकडे काही मागायचं तरी सुभद्रा आधी वाक्य नीट करून घेई. कधीकधी ते नीट होईपर्यंत मागणंच विसरून जाई.

कापसाच्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनाकडे जायचे दिवस होते. दुपारच्या सुट्टीत नत्थुजी आपल्या मुलीला, आशाला, घेऊन वर्गाच्या दारात आला. मोर्णा नदीपलीकडे त्याची शेती. अंगावर कापसाचे तंतू चिकटलेले.

"बाई, पोरीचं नाव काढून टाका."

सुभद्रा थांबली. मग म्हणाली, "का? काय झालं?"

"काय होनार! थोरलीचे सासरे आले होते घरी. इतका मोठा मानूस. मी शेतातून आलो अन् हिले पुसलं, मामाजी काय करून राहिले? तं ही त्याईच्या देखत म्हन्ते, 'मामाजी जेवायला बसला.' बसला! जसा काई आमचा गडीच! त्याईनं ताटावरून हात उचलला, बाई."

सुभद्राला क्षणभर हसू आलं. तिला सगळं उमगलं. 'मामाजी जेवाले बसले' असं म्हणायला पोर निघाली असणार. पण 'ले' आला की चुकलं, एवढंच तिनं शाळेतून नेलं होतं. तिनं दोन्ही ले पुसून टाकले. जेवाले गेलं आणि मामाजींचा मानही गेला.

"नत्थुजी, तिनं उद्धटपणा केलेला नाही. क्रियापदाच्या अंती जो आदरार्थी—"

"तुमी म्हन्ता ते बरोबरच असन, बाई. पन माह्या टकुऱ्यात शिरत नाही. अन् आता तं ही बोलतच नाही घरी. माय म्हन्ते, शाळेत पाठवली अन् पोरगी मुकी झाली. त्यापक्षा घरीच राहू द्या. कापूस तं येचन."

सुभद्रानं आशाकडे पाहिलं. हुशार मुलगी. आज गेली तर परत यायची नाही. तिच्यासाठी दमणीत बसून कुणी जाणार नव्हतं, आणि गेलंच तरी नत्थुजी पाण्यानं विरघळणारा नव्हता. आता काय ते या पोरीनंच म्हणायला हवं होतं.

"आशा, तुला शाळेत यायचं आहे का?"

आशा थांबली. ओठ मिटलेले, नजर जराशी खाली.

सुभद्रा वाट पाहत राहिली. बाहेर उन्हात एक शेळी कुंपणाचा पाला ओढत होती. कुंपणापलीकडे रस्ता, रस्त्यावर धूळ. हे सगळं आपण पाहतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. मान तशीच किंचित वळलेली, हात तसेच मांडीवर. ही मान तिची नव्हती.

तिनं ती ओढूनच वळवली.

"आशा, तुले शाळेत याचं आहे काय?"

*पुन्हा*, कानाशी आवाज आला. शांत, न रागावलेला.

"तुले याचं आहे काय, माय?" सुभद्रा पुन्हा म्हणाली.

पोरीनं झटकन वर पाहिलं. "मले याचं आहे," ती म्हणाली. अजिबात न थांबता.

नत्थुजी आधी बाईंकडे पाहत राहिला, मग मुलीकडे. "मंग बोलाचं ना, बापा! मी काय तुले खाऊन राहिलो?" त्यानं मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसलं. "नाव राहू द्या, बाई. पन पोरी, मामाजी पुन्हा आले तं त्याईले 'आले' म्हनजो, बरं का वो!"

तो गेला. आशा पाटी घ्यायला पळाली.

सुभद्रा वर्गात एकटीच राहिली. तोंडात अजून त्या बोलीची चव होती, किती वर्षांनी. आणखी काही बोलून पाहावं असं तिला वाटलं. बाईंविषयीच काहीतरी. बाई गेल्यापासून जे बोलायचं राहिलं होतं, ते या बोलीत तरी बोलता येईल. तिनं ओठ हलवले. *मले भूक लागली. मले भेव लागते. माय, मले घे.* पुढे काही येईना. ती बोली तिच्यात परकरातल्या वयालाच थांबली होती. त्या बोलीत शेळी होती, ओसरी होती, माय होती. मेलेल्या माणसाबद्दल काय म्हणायचं, ते शिकण्याआधीच ती तिनं टाकून दिली होती. आणि जी भाषा पुढे शिकली, तिच्यात बाई अजून गेल्याच नव्हत्या.