चांदणीचा फोटो आणि माझं मॅन्युअल

कॅमेरा माणसापेक्षा शहाणा असतो, हे मला आजही मान्य नाही.

ऐंशी सालानंतरच्या एका दिवाळीतली गोष्ट. पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी नटवून मिरवतात. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चांदणी आता म्हातारी झाली होती. "औंदा तिची शेवटची मिरवणूक. तिच्यासंगं माझा एक फोटो काढ लेका," आबा म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट! (आईसंगं फोटो काढावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आईनं ते दिवसभर ऐकवलं.)

कॅमेरा दाजींचा. दाजी म्हणजे ताईचे यजमान, शिरोलीच्या एका फौंड्रीत फोरमन. कॅमेऱ्याच्या चकतीवर 'ए' आणि 'एम' अशी दोन अक्षरं. ए म्हणजे ऑटोमॅटिक, उजेडाचा अंदाज कॅमेरा घेणार. एम म्हणजे मॅन्युअल, अंदाज आपण घ्यायचा.

"पावणं, ए वर ठेवा आनि खटका दाबा. बास!"

"दाजी, म्हस काळी हाय. कॅमेऱ्याला वाटतंय अंधार पडलाय. फसतंय ते, म्हस राखाडी काढतंय!" (हे मी कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत वाचलं होतं. मी शाळेत सायन्स शिकवत असे, त्यामुळे न वाचता बोलत नसे.)

"कॅमेरा जपानचा हाय, पावणं."

"आनि मी कोल्हापूरचा हाय!"

भर बारा वाजता, टळटळीत उन्हात, मी एम वर चकती नेली आणि पुस्तिकेतले कडक उन्हाचे आकडे लावले.

पण आबा उभेच राहीनात. "नटल्याबिगर फोटो? लोकं काय म्हंतील तिला?" मग चांदणीची आंघोळ झाली, अंगाला तेल लागलं, शिंगं रंगली, त्यांवर मोरपिसं चढली, गळ्यात कवड्यांची माळ आली. लग्नात ताईला नटायला एवढा वेळ लागला नव्हता! शिवाय आबांनी स्वतःचा फेटा तीनदा सोडून बांधला. तोवर दिवस मावळला.

"उजेड गेला की! आता तरी आकडं फिरवा," दाजी कळवळून म्हणाले.

"शड्डू ठोकल्यावर आखाड्यातनं कोन माघारी जातंय व्हय?"

आणि मी छत्तीसच्या रोलातले पस्तीस फोटो काढले. समोरून, बाजूनं, उकिडवं बसून!

एवढ्यात शेजाऱ्यानं मोटारसायकलला किक मारली. आमच्याकडच्या म्हशींना मिरवणुकीसाठी मोटारसायकलमागं पळायला शिकवलेलं असतं. चांदणी म्हातारी झाली तरी शिकवण विसरली नव्हती. आबांच्या हातातलं दावं सुटलं. मी कॅमेरा दाजींकडे फेकला आणि दावं धरलं. त्यानंतर मी चाललो नाही, मला नेण्यात आलं! उकिरड्यापाशी शेजाऱ्यानं गाडी बंद केली, तशी चांदणी थांबली. मी शेणात बसलो होतो. आबा धावत आले. मागं कुठंतरी 'खट्' असा आवाज झाला.

आठवड्यानं स्टुडिओतून फोटो आले. माझे पस्तीस काळेकुट्ट. एकदोनात अंधारात लटकलेला फेटा तेवढा दिसत होता. आबांनी चष्मा लावून एकेक निरखला.

"ह्यात म्हस कुठं हाय?"

"ही काय, काळी."

"आनि मी?"

आबांनी पाकीट हळूच खाली ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला खरंच रडू आलं.

तेवढ्यात दाजींनी पाकिटातून छत्तिसावा फोटो काढला. त्यांचा, ए वरचा! चांदणी ऐटीत उभी, आबा तिच्या गळ्यात हात टाकून तोंडभर हसतायत. आबांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"पन म्हस राखाडी आलीय!" मी ओरडलो. "म्हटलं न्हवतं, ए फसतंय म्हनून?"

कुणी ढुंकून पाहिलं नाही. फोटोला चौकट बसली, तो सोप्यात लागला. आल्यागेल्याला आबा तो दाखवायचे, आणि प्रत्येक पाहुणा चांदणीच्या पायाशी बोट ठेवून विचारायचा, "ह्ये शेणात कोन बसलंय?"

"आमचं पोरगं," आबा अभिमानानं सांगायचे. "फोटो काढायला आलतं."